पंपासकट आकडा

इंदुमती साळवे यांच्याशी माझी ओळख भांडणातून झाली असं मी लोकांना सांगते, पण ते अर्धंच खरं आहे. भांडत फक्त मी होते. त्या नुसत्या विचारत होत्या.

पुण्याहून फरीदाबादला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. एम.टेक.ची पदवी ताजी होती आणि कंपनीने मला थेट नव्या बॅटरीच्या चाचणीवर घेतलं होतं. ही घरच्या इन्व्हर्टरखाली ठेवतात तसली बॅटरी नव्हे. चाचणीच्या शेडमध्ये माणसाहून उंच दोन टाक्या उभ्या होत्या आणि त्यांत व्हॅनेडियम नावाच्या धातूचं आम्लातलं द्रावण भरलेलं होतं. वीज साठवायची असली की पंप ते द्रावण टाक्यांतून खेचतात आणि मधल्या शेकडो पातळ कप्प्यांमधून फिरवतात. फिरता फिरता त्याचा रंग बदलतो. एका टाकीत निळ्याचं पिवळं होतं, दुसरीत हिरव्याचं जांभळं. वीज परत हवी असली की तेच द्रावण पुन्हा फिरवायचं, म्हणजे रंग पुन्हा पहिल्यावर येतात. टाकी जितकी मोठी, तितके जास्त तास वीज मिळते. आग लागण्याची भीती नाही आणि द्रावण वर्षानुवर्षं टिकतं. मी या बॅटरीच्या प्रेमातच होते.

माझ्या पहिल्या अहवालात मी लिहिलं होतं, कार्यक्षमता ऐंशी टक्के. म्हणजे शंभर युनिट आत घातली तर ऐंशी परत मिळतात. चाचणी विभागाची सही हवी म्हणून मी तो शेडच्या कोपऱ्यातल्या टेबलावर नेऊन ठेवला. टेबलामागे पंचावन्नच्या पुढची एक बाई बसली होती. करड्या केसांचा घट्ट अंबाडा, सुती साडीवर कंपनीचा निळा कोट, पायांत जाडजूड सेफ्टी बूट. त्यांनी अहवाल सावकाश वाचला आणि चक्क मराठीत विचारलं, "हे कुठे मोजलंत?"

मी म्हटलं, स्टॅकच्या टोकांवर. स्टॅक म्हणजे ते सगळे कप्पे एकावर एक रचून आवळलेला गठ्ठा.

"आणि पंप कोणाच्या घरची वीज खातात?"

पंप फॅक्टरीच्या लाइनवर चालत होते. द्रावण गार ठेवणारं यंत्रही तिथूनच चालत होतं. मी म्हटलं, जगात सगळीकडे असंच मोजतात. मग मी दोन परदेशी शोधनिबंधांचे दाखले दिले आणि माझा आवाज बहुधा चढला. त्यांनी ऐकून घेतलं, "अच्छा" म्हणाल्या, सही केली आणि सहीच्या वर बारीक अक्षरात लिहिलं, "पंप व शीतक यंत्र वगळून." मला तो माझा अपमान वाटला. संध्याकाळी मी घरी फोन करून आईला सांगितलं की इथे एक खवट बाई आहे.

त्या खवट नव्हत्या हे कळायला मला महिनाभर लागला. इंदुताईंचे वडील नगरकडचे, रेल्वेच्या नोकरीमुळे दिल्लीत आलेले. घर पहाडगंजच्या रेल्वे क्वार्टरमध्ये होतं, शाळा तिथलीच मराठी माध्यमाची. चर्चमधली प्रार्थना मराठी, शाळेतला भूगोल मराठी आणि गल्लीतलं भांडण हिंदी, असं त्यांचं लहानपण गेलं. म्हणूनच की काय, त्यांच्या बोलण्यात असे शब्द येत की पुण्यात वाढूनही मी ते विसरले होते. स्टॅकला त्या "चळत" म्हणत. स्वयंपाकघरात पोळ्यांची असते तीच चळत. वर्षभरात शेडमधले बिहारचे आणि हरियाणाचे फिटरही "मॅडमजी, चळत गरम हो रही है" असं म्हणायला लागले होते.

इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून त्या फरीदाबादच्या एका विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात चाचणी खात्यात लागल्या. तिथे तेवीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. तयार मोटर टेबलावर आली की तिने किती वीज घेतली आणि किती काम केलं ते मोजायचं, आणि फरक कुठे गेला ते शोधायचं. "तो फरक म्हणजे चोर," त्या मला एकदा म्हणाल्या, "आणि चोर नेहमी गरम असतो. हात लावून बघायचं." पुढे तो कारखाना गुजरातेत हलला. त्यांचे यजमान विश्वासराव तेव्हा पोस्टातून निवृत्त व्हायच्या बेतात होते, त्यामुळे त्या मागेच राहिल्या. बावन्नाव्या वर्षी त्यांनी आमच्या कंपनीत अर्ज केला. कंपनीने त्यांना चाचणी विभागात नोंदी ठेवायला घेतलं. नोंदी ठेवण्यापलीकडे त्यांच्याकडून कोणाचीच अपेक्षा नव्हती.

कंपनीचे मालक अविनाश कर्वे मुंबईचे. चांगला माणूस, हे मी आजही म्हणेन. स्वतःच्या हिमतीवर त्यांनी हा उद्योग उभा केला होता. दिल्लीच्या परिसरात, म्हणजे एनसीआरमध्ये, दर हिवाळ्यात हवा बिघडली की डिझेल जनरेटरवर निर्बंध येतात, तेव्हा धुराशिवाय वीज देणारी बॅटरी इथे चालणार, हे त्यांनी फार आधी ओळखलं होतं. पण त्यांना घाई होती. त्यांनी छापलेल्या रंगीत माहितीपत्रकात पहिल्याच पानावर दोन गोष्टी होत्या. कार्यक्षमता ऐंशी टक्के. पूर्ण भारावर चार तास वीज.

इंदुताईंनी एका शनिवारी कोणाला न विचारता एक साधी गोष्ट केली. भिंतीवरच्या मुख्य स्विचपाशी त्यांनी एकच मीटर बसवला आणि बॅटरीला लागणारं सगळं, अगदी पंप, शीतक यंत्र, नियंत्रणाचा संगणकसुद्धा, त्या एका मीटरमागे घेतलं. मग एक पूर्ण फेरी केली, सकाळी भरायला सुरुवात आणि संध्याकाळी रिकामी. शंभर युनिट गेली, एकसष्ट परत आली. वीज परत देताना पंपही बॅटरीवरच चालवले, तर चार तासांऐवजी तीन तास पंचवीस मिनिटांत बॅटरी संपली.

त्यांनी तो कागद मला दाखवला आणि म्हणाल्या, "वीज गेल्यावर पंप कोणाच्या जिवावर चालणार, मयुरा? फॅक्टरीची लाइन तेव्हा मेलेली असेल ना?"

आम्ही दोघी कागद घेऊन अविनाश सरांकडे गेलो. त्यांनी तो नीट पाहिला. ते म्हणाले की सगळे उत्पादक स्टॅकचाच आकडा छापतात, आपण एकसष्ट छापला तर कोणी दारातही उभं करणार नाही. इंदुताई म्हणाल्या, ऐंशी छापा, फक्त खाली "पंप वगळून" लिहा. सर म्हणाले, बघू. माहितीपत्रक बदललं नाही.

फेब्रुवारीत पानिपतच्या एका रुग्णालयाची माणसं बॅटरी पाहायला आली. रुग्णालयांना जनरेटर चालवायची सूट असते, पण यांचा जनरेटर वॉर्डाच्या खिडक्यांखालीच होता आणि धूर थेट आत जात होता. त्यांच्या देखभाल विभागाचे प्रमुख होते दहिया. फौजेत इंजिनियरिंगच्या तुकडीत वीस वर्षं काढलेला, ताठ पाठीचा माणूस. अविनाश सरांनी पडद्यावर सगळं दाखवलं. मी रंगांच्या टाक्या दाखवल्या, सगळ्यांना आवडतात तशा त्यांनाही आवडल्या. इंदुताई मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या, आकडे विचारले तर हाताशी असाव्यात म्हणून.

दहियांनी माहितीपत्रकावर बोट ठेवून हिंदीत विचारलं की हे चार तास म्हणजे अगदी चार तास ना. त्यांच्याकडे डायलिसिसच्या बारा खाटा होत्या. एका रुग्णाची एक बैठक चार तासांची असते. बैठकीच्या सुरुवातीलाच वीज गेली तर ती शेवटपर्यंत पुरली पाहिजे. मध्येच यंत्र थांबलं तर रुग्णाचं रक्त नळ्यांमध्ये अडकून राहतं, आणि त्यांच्या नर्सेसना हाताने चाक फिरवून ते परत शरीरात सोडावं लागतं. असं एकदा झालं होतं, म्हणाले.

अविनाश सर म्हणाले, "बिल्कुल, चार तास."

मी समोरच उभी होते. मला तीन तास पंचवीस मिनिटं माहीत होती. मी माझ्या बुटांकडे बघत राहिले. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण ते तसंच झालं.

मागून इंदुताईंचा आवाज आला. त्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी शांतपणे हिंदीत सांगितलं, "दहियाजी, पंपासकट मोजलं तर तीन तास पंचवीस मिनिटं. मी स्वतः मोजलंय. चार तासांच्या भरवशावर पेशंट बसवू नका."

दहियांनी खिशातून छोटी वही काढली, तो आकडा लिहून घेतला आणि इंदुताईंना नाव विचारलं. तेही लिहून घेतलं. मग चहा न घेता मंडळी निघून गेली.

अविनाश सर ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. ते इंदुताईंना म्हणाले, "तुम्ही मला आधी बाजूला घेऊन सांगायला हवं होतं." इंदुताई म्हणाल्या, "सांगितलं होतं सर. कागद तुमच्या टेबलावर आहे." दुसऱ्या दिवशी त्यांची बदली सुट्या भागांच्या गोदामात झाली. चाचणी विभाग माझ्याकडे आला.

मी त्यांची माफी मागायला गोदामात गेले. त्या वॉशरच्या पुड्या आकाराप्रमाणे लावत होत्या. मी बोलायला सुरुवात केली तशी त्यांनी मला थांबवलं. त्या म्हणाल्या की नव्या नोकरीत, समोर मालक असताना, त्यांनाही माझ्या वयात तोंड उघडता आलं नसतं. तेव्हा तो विषय नको. मग म्हणाल्या, "एकोणचाळीस युनिटं कुठे जातात ते तरी शोधू या का? तुझ्याकडे मीटर आहेत, माझ्याकडे दुपारची अर्धा तास सुट्टी आहे."

असं ते सुरू झालं. रोज जेवणाच्या सुट्टीत त्या शेडमध्ये यायच्या. डबा हातात, घडीच्या पोळ्या आणि बहुतेक वेळा कारल्याची भाजी, जी त्या एकट्याच खायच्या. उभ्या उभ्या खात त्या बॅटरीभोवती एक चक्कर मारायच्या आणि पाइपांना उलट्या हाताने स्पर्श करायच्या. आपल्याला ताप आहे का ते आई जशी बघते, तसं. मी दोन वर्षं ज्या गोष्टी समीकरणांत पाहिल्या होत्या, त्या मला त्या महिन्यांत हाताला लागल्या.

पहिला चोर पंपच होता. ते दिवसभर पूर्ण वेगाने फिरत होते. भार शंभर असो वा दहा, त्यांना फरक नव्हता. इंदुताईंनी जानेवारीच्या आणि जूनच्या जुन्या नोंदी शेजारी ठेवल्या. थंडीत द्रावण दाट होतं, त्यामुळे पंपांना जास्त जोर लागत होता आणि तीच फेरी महाग पडत होती. "एवढं पळायची गरज आहे का त्याला?" त्यांनी विचारलं. गरज नव्हती. प्रवाहाचा वेग निम्मा केला तर पंपाची वीज निम्म्याहून कितीतरी खाली येते, हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. मी उत्साहाने नियंत्रणाचा प्रोग्राम बदलला आणि वेग थेट चाळीस टक्क्यांवर आणला.

तीन दिवस आकडे सुंदर आले. चौथ्या दिवशी बॅटरी भरत आली असताना चळतीच्या खालून पिवळा ओघळ आला. द्रावण इतकं हळू फिरत होतं की शेवटी शेवटी कप्प्यांच्या काही भागांत ताजं द्रावण पोचतच नव्हतं. तिथला विजेचा दाब चढत गेला आणि कप्पे वेगळे करणाऱ्या कार्बनच्या पट्ट्या आतून खाल्ल्या गेल्या. चळत सोडवून अकरा पट्ट्या फेकून द्याव्या लागल्या. चूक सर्वस्वी माझी होती. घाईत मी भरण्याच्या शेवटच्या टप्प्याचा विचारच केला नव्हता.

अविनाश सरांनी मला बोलावलं. मी पोचले तेव्हा इंदुताई आधीच तिथे उभ्या होत्या. त्या सरांना सांगत होत्या की वेग कमी करायचं त्यांनी सुचवलं होतं आणि मुलीने ते केलं, तेव्हा बोलायचं ते दोघींना बोला. सरांनी विचारलं, तुम्ही तर गोदामात आहात ना? "जेवणाच्या सुट्टीत येते," इंदुताई म्हणाल्या, "आणि सर, त्या तीन दिवसांत पाच युनिटं वाचली. तेवढं बघा."

सरांनी बघितलं. मला वाटतं त्या दिवशी त्यांच्या मनात काहीतरी हललं, कारण त्यांनी आम्हाला बंद करा असं सांगितलं नाही. नव्या पट्ट्या मागवल्या आणि म्हणाले की पुढच्या वेळी आधी शेवटच्या टप्प्याचा हिशेब मला दाखवा. दुसऱ्या खेपेला आम्ही वेग भाराप्रमाणे ठेवला. बॅटरी अर्धी भरलेली असताना हळू, भरत आली किंवा संपत आली की जोरात. पट्ट्यांना काही झालं नाही आणि पाच युनिटं कायमची वाचली.

दुसरा चोर शोधायला वेळ लागला. शनिवारी भरून ठेवलेली बॅटरी सोमवारी सकाळी थोडी उतरलेली असायची, जरी मधल्या दिवशी तिला कोणी हात लावलेला नसायचा. मी पडद्याला दोष दिला. दोन्ही द्रावणांच्या मध्ये जो पातळ पडदा असतो, त्यातून थोडा पाझर होतोच. पण इंदुताईंना ते पटेना. त्या म्हणाल्या, पाझर असेल तर सगळ्या कप्प्यांत सारखा हवा. त्यांनी चळतीतल्या प्रत्येक कप्प्याचा विजेचा दाब एकेक करून मोजला, कागदावर एकाखाली एक लिहिला आणि मला दाखवला. वरचे आणि खालचे कप्पे बरे होते. मधले सगळ्यात जास्त उतरले होते.

मी तो कागद बघितला आणि मला लगेच समजलं. सगळ्या कप्प्यांना द्रावण पुरवणारी नळी एकच होती, आणि द्रावण स्वतःच विजेचं वाहक आहे. म्हणजे एका कप्प्यातली वीज त्या नळीतल्या द्रावणातून चोरवाटेने दुसऱ्या कप्प्याकडे जात होती, आणि मधल्या कप्प्यांना त्याची झळ सगळ्यात जास्त बसत होती. पुस्तकात मी हे शिकले होते. आमच्या शेडमध्ये ते चाललंय हे मात्र एका डिप्लोमा झालेल्या बाईंनी साध्या व्होल्टमीटरने शोधलं.

उपाय म्हणजे प्रत्येक कप्प्यात शिरणारी वाट लांब आणि अरुंद करायची, की चोरवाटेने जाणाऱ्या विजेला अडथळा होईल. पण वाट अरुंद केली की पंपाला जोर जास्त, म्हणजे एका हाताने वाचवायचं आणि दुसऱ्या हाताने घालवायचं. मी महिनाभर संगणकावर आकडेमोड करत होते. इंदुताईंनी तीन वेगवेगळ्या लांबीच्या वाटा कापून घेतल्या आणि तिन्ही प्रत्यक्ष चालवून पाहिल्या. मधली बरी निघाली. माझी आकडेमोडही शेवटी तिथेच पोचली, पण दहा दिवसांनी.

शीतक यंत्राचं दुखणं तर बघायला कोणी जातच नव्हतं. दिल्लीकडच्या उन्हाळ्यात द्रावण चाळिसाच्या वर गेलं तर त्यातून गाळ बसायला लागतो, म्हणून ते गार ठेवावंच लागतं. इंदुताईंच्या लक्षात आलं की इन्व्हर्टरच्या खोलीचा गरम वारा टाक्यांच्याच अंगावर सोडलेला आहे. एक पत्र्याची वळणवाट लावून तो वारा बाहेर काढला आणि टाक्यांना पांढरं आच्छादन घातलं. दोन युनिटं वाचली.

यात पावणेदोन वर्षं गेली. शेवटी भिंतीवरच्या त्याच मीटरने शंभराला सत्तर दाखवले. बाकीची तीस बहुतेक पडद्यात, कप्प्यांच्या रोधात आणि इन्व्हर्टरच्या दोन फेऱ्यांत जात होती, आणि ती आजही जातात. मी थोडी हिरमुसले होते, मला पंचाहत्तर हवे होते. इंदुताईंनी त्या दिवशी नाताळच्या करंज्यांचा डबा आणला होता. त्यांनी तो फिटरांमध्ये फिरवला आणि मला म्हणाल्या की सत्तर खरे आहेत, खा.

त्याच आठवड्यात अविनाश सरांनी नवीन माहितीपत्रक छापलं. पहिल्या पानावर दोन आकडे होते. चळतीपाशी ब्याऐंशी, भिंतीच्या मीटरपाशी सत्तर. मग त्यांनी स्वतः पानिपतला फोन केला. सरांनी नंतर आम्हाला सांगितलं की दहियांनी मधल्या काळात आणखी दोन कंपन्यांना विचारलं होतं, पंपासकट किती. दोन्हीकडून ईमेलला उत्तर आलं नव्हतं. दहियांनी सरांना एवढंच विचारलं की साळवे मॅडम अजून तिथे आहेत का. सर म्हणाले, आहेत. मग त्यांनी गोदामात जाऊन इंदुताईंना चाचणी विभागात परत यायला सांगितलं. माफी बिफी मागितली नाही, पण त्यांची खुर्ची स्वतः उचलून शेडमध्ये आणून ठेवली. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

पानिपतच्या बॅटरीला आम्ही मोठ्या टाक्या दिल्या, म्हणजे पंपासकट साडेचार तास मिळावेत. मार्चमध्ये ती बसली. रुग्णांना न बसवता, नुसत्या हीटरच्या भारावर, तीन वेळा पूर्ण चाचणी झाली तेव्हाच दहियांनी सही केली.

जूनमध्ये आम्ही दोघी पहिल्या देखभालीसाठी तिथे गेलो होतो. सकाळी दहाचा सुमार, बाहेर ऊन भाजत होतं. आम्ही पंपांची खोली बघत असतानाच दिवे क्षणभर थरथरले आणि पंपांचा आवाज बदलला. शहराच्या मुख्य वाहिनीत बिघाड झाला होता. दहिया धावत आले. डायलिसिसच्या बारापैकी नऊ खाटांवर माणसं होती आणि त्यांच्या बैठका नुकत्याच सुरू झाल्या होत्या.

इंदुताईंनी एक स्टूल मागून घेतलं आणि त्या मीटरसमोर बसल्या. दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहायचा आणि पाइपाला हात लावून यायचं, एवढंच त्या करत होत्या. पहिल्या तासात मी चार वेळा वॉर्डापर्यंत जाऊन आले. तीन तास उलटले तसं टाकीतलं पिवळं निळसर व्हायला लागलं आणि मी मीटरपाशीच येऊन उभी राहिले. दहियाही तिथेच उभे होते. त्यांनी इंदुताईंना विचारलं, किती राहिलंय. त्यांनी वहीतल्या आकड्यांवर एकदा नजर टाकली आणि म्हणाल्या, "एक तास बावीस मिनिटं. घाबरू नका, बसा."

दहिया बसले. मीही बसले. वीज तीन तास पन्नास मिनिटांनी आली.

आम्ही वॉर्डात गेलो तेव्हा बैठका संपत आल्या होत्या. दाराजवळच्या खाटेवर एक म्हातारे विणकर होते, हातमागावर सतरंज्या विणून बोटं वाकलेली. नर्सने त्यांच्या हातातली सुई काढून पट्टी लावली. ते उठून बसले आणि आम्हाला कँटीनची माणसं समजून म्हणाले, आज चहाला उशीर झाला. काय घडून गेलं त्याचा त्यांना पत्ताच नव्हता. इंदुताई काही न सांगता बाहेर गेल्या आणि त्यांच्यासाठी चहा घेऊन आल्या.

परत येताना गाडीत मी त्यांना विचारलं की त्या दिवशी सरांसमोर उभं राहताना भीती वाटली नव्हती का. त्या म्हणाल्या, वाटली होती, नोकरी जाईल असंच वाटलं होतं, आणि विश्वासरावांना घरी काय सांगायचं याची जुळवाजुळव त्या उभ्या राहतानाच करत होत्या. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पण तो माणूस आकडा लिहून घेत होता गं. लिहून घेणाऱ्याला चुकीचं कसं सांगायचं?"

गेल्या वर्षी त्या साठ वर्षांच्या झाल्या. कंपनीने त्यांना सल्लागार म्हणून ठेवून घेतलं आहे, आठवड्यातून तीन दिवस. या हिवाळ्यात पाच अंशांच्या थंडीत द्रावण किती दाट होतं ते त्यांना बघायचं आहे, म्हणून शेडमधल्या पंपांजवळ त्यांनी एक खुर्ची टाकून घेतली आहे आणि विश्वासरावांनी विणलेला लोकरीचा मफलर तिच्या पाठीवर लटकतोय. विश्वासरावांना निवृत्तीनंतर विणकामाचा नाद लागला आहे. नव्या भरती झालेल्या दोन इंजिनियरांना मी परवा त्यांच्याकडे पाठवलं. एकाने येऊन तक्रार केली की साळवे मॅडम फार प्रश्न विचारतात. मी त्याला म्हटलं, उद्याही जा.